ताऱ्यांच्या निजामकालीन नोंदी

गेल्या दोन-तीन वर्षांत ‘निजामकालीन नोंद’ हा शब्द मराठवाड्यातल्या घराघरांत पोचला आहे. ज्यांनी कधी तहसीलच्या अभिलेख कक्षाचे दार पाहिले नव्हते, ते आज सेतवार म्हणजे काय, खासरा पाहणी पत्रक कुठे मिळते, हे एकमेकांना समजावून सांगतात. उर्दू आणि मोडी वाचू शकणाऱ्या माणसाला कधी नव्हे इतका मान आला आहे. मी शिक्षणाने इतिहासाचा माणूस नाही. जुने कागद वाचायचे म्हणून चाळिशीत उर्दू लिपी स्वतःच गिरवून शिकलो. त्यामुळे हा उत्साह जवळून पाहता आला. एक गोष्ट मात्र जाणवत राहिली. निजाम राजवटीतल्या नोंदी म्हटले की आपल्याला जमीन, जात आणि वारसा एवढेच आठवते. त्याच राजवटीत, त्याच खजिन्यातून, चार लाखांवर ताऱ्यांच्याही नोंदी झाल्या आणि त्या नोंदी पुढे अंतराळयुगाच्या उपयोगी पडल्या, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही.

या लेखात त्या नोंदींची हकिकत सांगायची आहे. ती शोधायला निमित्त झाले ते एका तारामंडळातल्या कार्यक्रमाचे.

घुमटाखालचा इतिहास

जालना–भोकरदन रस्त्यावर पूर्णेकाठी आमचे केदारखेडा. गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या काही शिक्षकांनी मुलांची सहल एका मोठ्या शहरात नेली आणि मलाही बरोबर घेतले. सहलीत तारामंडळ होते. तिथे अंतराळ मोहिमांचा इतिहास सांगणारा कार्यक्रम चालू होता. पूर्वीसारखा समोर पडदा नाही. अख्खा घुमट हाच पडदा. चित्र डोक्यावर, पाठीमागे, दोन्ही बाजूंना. रॉकेट उडाले की खुर्ची मागे सरकल्याचा भास होतो, चंद्राभोवती फेरी मारताना पोटात गोळा येतो. आमची मुले एकमेकांचे हात घट्ट धरून बसली होती.

कथा सर्वांच्या परिचयाची. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत संघाने सोडलेला ८३ किलोंचा स्पुतनिक. १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिनने १०८ मिनिटांत पूर्ण केलेली मोहीम. १९६३ मध्ये व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा, १९६५ मध्ये यानाबाहेर तरंगणारा अलेक्सेई लिओनोव्ह, जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उमटलेले पाऊल. मग भारत: २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळात थुंबा इथून उडालेला पहिला अग्निबाण, तिथले चर्च, सायकलवरून नेलेले सुटे भाग, १९७५ चा आर्यभट, १९८४ मधले राकेश शर्मा, २०१४ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोचलेले यान आणि २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलेले चंद्रयान-३. त्या शेवटच्या दृश्याला मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बाहेर आल्यावर रांगेत उभ्या असलेल्या सहावीतल्या एका मुलीने विचारले, “काका, रॉकेट माणसांनी केलं ते दाखवलं. पण ते मागचे तारे कुणी मांडले? मोजून मांडले का अंदाजानं?”

शिक्षकांनी माझ्याकडे पाहिले. मी तिला एवढेच सांगितले की मोजून मांडले, पण कुणी मोजले ते नीट पाहून सांगतो. हा प्रश्न मला कार्यक्रमातल्या सगळ्या मजकुरापेक्षा मोठा वाटला. कारण चाळीस मिनिटे आम्ही ज्या ताऱ्यांच्या मधून फिरलो, त्यांच्याबद्दल निवेदनात एक वाक्यही नव्हते. तारे म्हणजे नाटकामागचा पडदा असावा, तसे ते होते. अंतराळाचा इतिहास सांगणारे बहुतेक कार्यक्रम असेच असतात. त्यात रॉकेट असते, अंतराळवीर असतो, पण आकाशाची मोजणी करणारा कारकून नसतो.

छिद्रे आणि रकाने

तारामंडळाच्या यंत्राचा स्वतःचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमचे संस्थापक ऑस्कर फॉन मिलर यांच्या आग्रहावरून झाइस कंपनीचे वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी ते तयार केले आणि ऑक्टोबर १९२३ मध्ये म्युनिकला त्याचे पहिले प्रात्यक्षिक झाले. त्या यंत्रात तांब्याच्या पातळ पत्र्यांना बारीक छिद्रे पाडलेली होती. आतल्या दिव्याचा उजेड त्या छिद्रांतून बाहेर पडून घुमटावर साडेचार हजार तारे उमटत. पुढे अमेरिकेत आर्मंड स्पिट्झ यांनी हेच काम स्वस्तात करणारे छोटे यंत्र बनवले. पुण्यात टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली कुसुमबाई मोतीचंद तारामंडळ सुरू झाले, ते स्पिट्झ यांच्याच यंत्रावर. या तारामंडळाला कधी कधी ‘आशियातले पहिले’ म्हटले जाते. ते बरोबर नाही, कारण जपानमध्ये ओसाका इथे १९३७ सालीच झाइसचे तारामंडळ उभे राहिले होते. पण भारतापुरते पाहिले तर पुण्याचा मान मोठा आहे. कोलकात्याचे बिर्ला तारामंडळ १९६२ चे आणि मुंबईचे नेहरू तारामंडळ ३ मार्च १९७७ चे.

या सगळ्या जुन्या यंत्रांत तारा म्हणजे एक छिद्र होते. १९८३ साली अमेरिकेतल्या रिचमंड शहरात डिजिस्टार नावाचे पहिले संगणकीय यंत्र बसले आणि तारा म्हणजे संगणकातली एक ओळ झाली. मुंबईच्या नेहरू तारामंडळातही २००३ मध्ये जुन्या झाइसची जागा डिजिस्टारने घेतली. आज घुमटभर चित्रे दाखवणारी सगळी यंत्रे याच जातीची आहेत. त्यांना तारा दाखवायचा तर त्याची जागा, तेज, रंग, अंतर आणि तो कुठल्या दिशेला किती वेगाने सरकतो आहे, एवढे आकडे लागतात. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक ताऱ्याचा एक सातबारा लागतो. तो असला तरच प्रेक्षकाला पृथ्वीवरून उचलून दुसऱ्या ताऱ्याजवळ नेता येते, किंवा हजार वर्षांनंतरचे आकाश दाखवता येते. छिद्रांच्या यंत्राला हे शक्य नव्हते.

मग हे सातबारे आले कुठून? अशा अनेक प्रणाल्यांत ठळक आणि मध्यम ताऱ्यांसाठी दोन सूच्या वापरल्या गेल्या आहेत: हिप्पार्कस आणि टायको-२. संगणकावर घरबसल्या आकाश दाखवणारे ‘स्टेलॅरियम’ आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल, त्याच्या आधीच्या तारासूचीतही ही दोन नावे होती. हिप्पार्कस हा युरोपीय अवकाश संस्थेचा उपग्रह. तो ८ ऑगस्ट १९८९ ला सोडला. त्याची एक मोटर पेटली नाही आणि तो ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. तरी शास्त्रज्ञांनी वेळापत्रक बदलून त्याच्याकडून १९९३ पर्यंत काम करून घेतले. त्यातून १,१८,२१८ ताऱ्यांची अतिशय अचूक सूची तयार झाली. त्याच उपग्रहावरच्या दुसऱ्या उपकरणाच्या मोजमापांतून २००० साली टायको-२ ही सूची आली. तीत २५ लाखांवर तारे आहेत.

टायको-२ कशी तयार झाली हे वाचताना मला हैदराबादचा धागा सापडला. या सूचीतल्या ताऱ्यांच्या गती एकट्या उपग्रहाने मोजलेल्या नाहीत. उपग्रहाची मोजमापे आणि जमिनीवरून केलेल्या जुन्या सूच्या शेजारी शेजारी ठेवून त्या काढल्या आहेत. जुन्या सूच्या एकूण १४४. त्यांतली सर्वांत मोलाची आणि सर्वांत जुन्यांपैकी एक म्हणजे ‘ॲस्ट्रोग्राफिक कॅटलॉग’. आपले हैदराबाद याच सूचीत आहे.

पॅरिसचा ठराव, हैदराबादचा पट्टा

एप्रिल १८८७ मध्ये पॅरिसच्या वेधशाळेत जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांची परिषद भरली. निमंत्रक होते वेधशाळेचे संचालक ॲडमिरल मुशे. पॉल आणि प्रॉस्पर आँरी या दोघा भावांनी ताऱ्यांचे फोटो काचेच्या प्लेटवर उत्तम येतात हे दाखवून दिले होते. परिषदेत ठरले की सगळ्या आकाशाचा फोटो काढायचा. आकाशाचे आडवे पट्टे पाडायचे आणि एकेक पट्टा एकेका वेधशाळेने घ्यायचा. सर्वांच्या दुर्बिणी एकाच प्रमाणाच्या, म्हणजे आकाशातली एक कला काचेवर एक मिलिमीटर यावी. अकराव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांच्या जागा मोजून त्या आकड्यांत छापायच्या. नुसत्या डोळ्यांनी आपल्याला सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. अकराव्या प्रतीचा तारा त्याहून शंभरपट मंद.

सुरुवातीला १८ वेधशाळा पुढे आल्या. त्यांत दक्षिण अमेरिकेतल्या चिलीची सान्तियागो वेधशाळा होती. तिच्याकडे खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला १७ ते २३ अंशांचा पट्टा आला होता. तिच्याकडून ते काम झाले नाही. पट्टा मोकळा राहिला आणि तो पुढे हैदराबादने उचलला.

हैदराबादची वेधशाळा हौसेतून निघाली होती. नवाब जफर जंग नावाचे विलायतेत शिकलेले एक सरदार होते. त्यांनी इंग्लंडहून १५ इंची दुर्बीण मागवली आणि १९०१ साली हैदराबादला फिसलबंडा भागात वेधशाळा थाटली. फोटोसाठी ८ इंची वेगळी दुर्बीणही घेतली. त्यांच्या मृत्यूनंतर १९०८ मध्ये ही वेधशाळा निजाम सरकारने ताब्यात घेतली आणि ती बेगमपेठला हलवली. तिचे नाव झाले निजामिया वेधशाळा. आर्थर चॅटवुड यांच्या काळात मांडणी झाली. त्यांच्यानंतर रॉबर्ट पोकॉक आणि मग टी. पी. भास्करन यांच्या देखरेखीखाली काम चालले. १९१९ मध्ये वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. दक्षिणेकडचा पट्टा १९१४ ते १९२९ या काळात पूर्ण झाला. जर्मनीतल्या पॉट्सडामचा उत्तरेकडचा पट्टा रखडला होता, त्यातलाही ३६ ते ३९ अंशांचा भाग हैदराबादने नंतर करून दिला. दोन्ही मिळून चार लाखांवर ताऱ्यांच्या जागा हैदराबादमधून मोजल्या गेल्या आणि त्यांचे खंड छापले गेले.

हे काम कसले होते, याची कल्पना यावी म्हणून थोडे सांगतो. रात्री दुर्बिणीच्या मागे काचेची प्लेट बसवायची, काही मिनिटे ती उघडी ठेवायची आणि तेवढा वेळ दुर्बीण ताऱ्याच्या चालीने अचूक फिरवत ठेवायची. सकाळी प्लेट धुवायची. तिच्यावर बारीक रेषांची चौकट उमटवलेली असे. मग सूक्ष्मदर्शकातून पाहत एकेका ठिपक्याचे चौकटीतले उभे-आडवे अंतर डोळ्याने मोजायचे आणि लिहायचे. पुढचा ठिपका. एका प्लेटवर दोन अंश लांब आणि दोन अंश रुंद एवढेच आकाश. अशा प्लेटांवर प्लेटा, वर्षांवर वर्षे. काही देशांत हे मोजमापाचे काम स्त्रियांनी केले. पॅरिसला त्यासाठी खास कक्ष होता, व्हॅटिकनच्या वेधशाळेत जोगिणींनी ते केले. हैदराबादेत ते वेधशाळेच्या नोकरवर्गाने केले. संचालकांची नावे खंडांवर आली, ठिपके मोजणाऱ्यांच्या वाट्याला ते आले नाही. आपल्याकडच्या मोजणीदारांच्या नशिबीही हेच असते.

याच वेधशाळेत सहायक म्हणून काम करणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा लहानपणापासून दुर्बिणीच्या अवतीभवती वाढला. त्याचे नाव वेणू बाप्पू. हैदराबादच्या निजाम कॉलेजात शिकून तो अमेरिकेला गेला. १९४९ मध्ये त्याने धूमकेतू शोधला, त्या धूमकेतूच्या नावात त्याचे नाव आहे. पुढे भारतातल्या आधुनिक वेधशाळांची उभारणी त्यांनी केली आणि १९७९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. कावलूरची मोठी दुर्बीण आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

जुनी मोजणी कशाला लागते

उपग्रह इतका अचूक असताना १९२० च्या आसपासच्या काचा कशाला हव्यात, असा प्रश्न पडेल. शेतकऱ्याला हे पटकन समजते. शेजाऱ्याने बांध कोरला की नाही, हे आजची मोजणी कितीही बारकाईने केली तरी कळत नाही. त्यासाठी जुनी मोजणी लागते. दोन मोजण्यांमधला फरक हाच पुरावा. आणि दोन मोजण्यांमध्ये काळ जितका जास्त, तितके रोजचे किंचित कोरणेही उघडे पडते.

ताऱ्यांचे असेच आहे. आपल्याला स्थिर वाटणारा प्रत्येक तारा सरकत असतो. शास्त्रात याला निजगती म्हणतात. ती इतकी थोडी असते की आयुष्यभर आकाश पाहणाऱ्यालाही जाणवत नाही. हिप्पार्कस उपग्रहाने तीन-साडेतीन वर्षे मोजमाप केले. एवढ्या थोड्या काळात मंद ताऱ्यांचे सरकणे नीट पकडता येत नव्हते. हैदराबादची मोजणी त्या मानाने ढोबळ होती, पण ती उपग्रहाच्या साठ-सत्तर वर्षे आधीची होती. त्या अंतरानेच तिला किंमत आली.

यात एक विलक्षण गोष्ट आहे. जुने छापील खंड संगणकात भरण्याचे आणि त्यांवर नवे गणित करण्याचे काम मुख्यतः दोन ठिकाणी झाले. एक मॉस्कोची स्टर्नबर्ग संस्था आणि दुसरे वॉशिंग्टनचे नौदल वेधालय. वॉशिंग्टनच्या सूचीत सुमारे ४६ लाख ताऱ्यांच्या जुन्या जागा एकत्र आल्या. घुमटावरच्या कार्यक्रमात ज्या दोन देशांची शर्यत अर्धा वेळ चालते, त्याच दोन देशांत पॅरिस, व्हॅटिकन आणि हैदराबादचे जुने तक्ते पुन्हा उघडून वाचले गेले. त्यांचे इंजिन कितीही मोठे असो, आकाशाची जुनी मोजणी त्यांना नव्याने करता येणार नव्हती. गेलेली १९२० ची रात्र कुणालाच परत मिळत नाही.

अंतराळयानालाही तारे शोभेसाठी लागत नाहीत. तिथे मैलाचे दगड नाहीत, दिशा ताऱ्यांवरूनच कळते. अपोलो यानांच्या संगणकात ३७ खुणेच्या ताऱ्यांची यादी होती आणि अंतराळवीर दुर्बिणीतून ते तारे टिपून आपली दिशा पक्की करत. ते ठळक तारे वेगळ्या सूच्यांतले. हैदराबादचे काम त्यांच्यामागच्या मंद ताऱ्यांच्या गर्दीचे होते. आता यानावरचा तारा-संवेदक समोरचे आकाश टिपून ते आपल्याजवळच्या सूचीशी स्वतःच ताडून पाहतो. २००८ च्या आपल्या चंद्रयान-१ चे तारा-संवेदक २००९ मध्ये निकामी झाले, तेव्हा यान सांभाळण्यासाठी इस्रोच्या अभियंत्यांना घूर्णदर्शीचा, म्हणजे जायरोस्कोपचा, आधार घेऊन वेगळी युक्ती योजावी लागली. आकाशाची सूची हे यानाचे डोळे आहेत, म्हणून तिच्यातली प्रत्येक ओळ अंतराळ-इतिहासाचा भाग आहे.

आजची स्थितीही सांगितली पाहिजे. डिसेंबर २०१३ मध्ये सोडलेल्या गाया उपग्रहाने आधीच्या सगळ्या सूच्या मागे टाकल्या आहेत. त्याच्याही पहिल्या, २०१६ च्या सूचीत सुमारे वीस लाख ताऱ्यांच्या गती काढताना हिप्पार्कस-टायकोच्या जुन्या जागांचा आधार घ्यावा लागला. २०१८ नंतर गायाला तशा आधाराची गरज उरली नाही. म्हणजे हैदराबादच्या काचांचे काम संपले असे म्हणता येईल. पण मधल्या वर्षांत जे उभे राहिले, त्याच्या पायात त्या आहेत.

खर्च कुणी सोसला

आता आपल्या गावाकडे येऊ. १९१४ ते १९२९ या काळात केदारखेडा हैदराबाद संस्थानात होते. जालना हा तेव्हा औरंगाबाद जिल्ह्याचा भाग. स्वतंत्र जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. निजामिया वेधशाळा सरकारी होती आणि संस्थानाच्या महसुलात मराठवाड्याच्या शेतसाऱ्याचा वाटा होता. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतल्या कापसावर आणि ज्वारीवर जो सारा बसला, त्यातूनही त्या काचेच्या प्लेटा आल्या. ज्या कुणब्याने तो सारा भरला, त्याला बेगमपेठची दुर्बीण माहीत असण्याची शक्यता नाही. त्याच्या गावात शाळा नव्हती, दवाखाना नव्हता, आणि कामकाजाची भाषा त्याची नव्हती.

म्हणून या हकिकतीवरून निजाम राजवटीचे गोडवे गाण्याचा प्रश्न येत नाही. ज्या लोकांनी १७ सप्टेंबर १९४८ साठी तुरुंग आणि रझाकारांचे हल्ले सोसले, त्यांच्या नातवंडांत मी वाढलो आहे. माझे म्हणणे उलट आहे. राजवट लोकांची नव्हती, पण पैसा लोकांचा होता. त्यामुळे त्या पैशातून जे टिकाऊ काम झाले, ते राजाचे म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. जमिनीच्या नोंदींवर आपण हक्क सांगतो, तसा या नोंदींवरही सांगितला पाहिजे. मराठवाड्याच्या विज्ञानाच्या इतिहासात हे पान आहे, आणि ते कोरे ठेवून आपण मुलांना सांगतो की अंतराळाचा इतिहास म्हणजे दूरच्या लोकांनी केलेली गोष्ट.

हक्क सांगताना मात्र मोजून सांगावा. आपल्याकडे दोन्ही टोके आहेत. विजयदुर्गावर १८६८ साली नॉर्मन लॉकियर यांनी हेलियमचा शोध लावला, असे अनेक ठिकाणी छापले जाते. प्रत्यक्षात १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून पाहिले आणि लॉकियर यांनी आपले निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडहून, ग्रहणाशिवाय केले. लॉकियर विजयदुर्गला आले ते जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, म्हणजे तीस वर्षांनी. तेही महत्त्वाचेच आहे, पण ते हेलियमचा शोध नव्हे. मुंबईच्या चौपाटीवर १८९५ साली तळपद्यांनी विमान उडवले, या कथेचेही तसेच. तिला त्या काळचा भक्कम पुरावा नाही, आणि तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्रा’तली विमाने उडू शकत नाहीत, असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले आहे.

पुरावा नसलेल्या गोष्टी आपण भाषणांत सांगतो, आणि छापील खंडांत आकडे असलेली गोष्ट विसरतो. खोट्या वाट्याचा तोटा असा की खरा वाटाही संशयात सापडतो. हैदराबादचा वाटा किती, तर सगळ्या आकाशाचे काम वीसेक वेधशाळांनी केले, त्यांतली ही एक. चार लाखांवर तारे. एवढेच. पण हे एवढे पक्के आहे.

काय करता येईल

तारामंडळांच्या चालकांकडे माझे मागणे एका वाक्याचे आहे. अंतराळाचा इतिहास सांगताना, घुमटावर रॉकेट नसेल अशा एखाद्या शांत क्षणी, हे तारे कुणी कुणी मोजले ते सांगावे. त्या यादीत पॅरिस, ऑक्सफर्ड आणि व्हॅटिकनबरोबर हैदराबाद यावे. चित्र बदलावे लागणार नाही, यंत्र बदलावे लागणार नाही. मराठी निवेदनात ते असले तर मराठवाड्यातून आलेल्या मुलाला त्या घुमटाखाली थोडे आपले काही सापडेल.

शिक्षकांना तर तारामंडळाचीही गरज नाही. हैदराबादचा दक्षिण पट्टा आपल्या अंगणातून दिसतो. आपल्या भागातून तो दक्षिण क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्या साधारण मध्यावरून, थोडा वरच्या बाजूने जातो. ज्या नक्षत्राच्या पावसाची आपण रब्बीसाठी वाट पाहतो, त्या हस्ताचा काही भाग या पट्ट्यात येतो. व्याधाचा तारा त्याच्या अगदी कडेला आहे. आणि दिवाळीच्या दिवसांत, लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला चंद्र नसतो तेव्हा, रात्री दहा-अकराच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले तर त्या उंचीवर एकटाच एक ठळक तारा दिसेल. तो तिमिंगल तारकासमूहातला दिफ्दा. त्याच्या आसपास दुसरा ठळक तारा नसल्याने तो चुकत नाही.

हा तारा पट्ट्याची खूण म्हणून धरावा. त्याच्या डावी-उजवीकडे जे काळे आकाश दिसते, ते रिकामे नाही. तिथे डोळ्यांना न दिसणारे हजारो तारे आहेत आणि त्यांच्या जागा बेगमपेठला बसून माणसांनी एकेक करून लिहिल्या. दिफ्दाचे अंतर सुमारे ९६ प्रकाशवर्षे आहे. म्हणजे आज आपल्या डोळ्यांत येणारा त्याचा प्रकाश, ते काम संपत आले होते त्या सुमारास तिथून निघालेला आहे.

सहावीतल्या त्या मुलीला मी हे सगळे कागदावर लिहून पाठवले. तिने उलट विचारले आहे की त्या जुन्या काचा आता कुठे आहेत आणि बघायला मिळतील का. शोध पुढे न्यायला हा प्रश्न चांगला आहे. हैदराबादला जाऊन त्याचे उत्तर मिळवायचे आहे, आणि शाळेने परवानगी दिली तर तिला आणि तिच्या वर्गालाही बरोबर न्यायचे आहे.